सई पडायला शिकली तेव्हा

गाडीनं शिटी दिली तरी तुम्ही डब्यातून उतरायला तयार नव्हतात, आबा. नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसून होतात. संदीप मागे लागलेला, "आबा, उतरा आता, का येताय आमच्याबरोबर बेंगळुरूला?" गाडी हलली तेव्हा कुठे तुम्ही सईला माझ्याकडे दिलंत आणि मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर अलगद उतरलात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेली, चालत्या गाडीचं तुम्हाला काय. पण उतरता उतरता सुनेला बजावलंत, "प्राजक्ता, पोरीला खाली ठेवू नकोस."

ते वाक्य सामानाबरोबर इथे आलं. आता वर्ष होत आलं. फोनवर आपलं बोलणं जेवणखाण आणि हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहितेय. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारख्या ज्या आया गाव सोडून इथल्या शाळांच्या गेटवर ताटकळत असतात त्यांच्यासाठी.

सई सहा वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि भोगावं लागलं पायांना. पाय ताठ, टाचा टेकत नाहीत. बाकी डोकं तल्लख, आणि जीभ तर थेट माझ्यावर गेलेली. मिरजेच्या घरात ती एकदाही पडली नाही. पडेल कशी? पाय जमिनीला लागले तर ना. सकाळी तुमच्या कडेवर बसून दूध आणायला, मग आईंच्या कडेवर देवपूजेला, दुपारी शेजारच्या काकू येऊन उचलून न्यायच्या. पाहुणा आला तरी आधी तिला घेणार, मग चपला काढणार. मला ते सुखाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शाळेचं विचारायला गेले तर तिथल्या बाई इतक्या मायेनं बोलल्या की धड भांडताही येईना. "कशाला लेकराचे हाल करता? गॅदरिंगला आणा, पुढे बसवू." मी घरी येऊन रडले, तर तुम्ही म्हणालात, "तिला शाळा कशाला पायजे, आम्ही आहोत ना."

'आम्ही आहोत ना.' किती दिवस असणार तुम्ही, आबा? आणि मी तरी? हे तुमच्या तोंडावर बोलण्याची छाती नव्हती. संदीपला बेंगळुरूजवळ बोम्मसंद्राच्या कारखान्यात नोकरी मिळतेय म्हटल्यावर मी लगेच बॅगा काढल्या. लोकांना वाटलं, पगारासाठी चाललेत.

इथे बनशंकरीत घर घेतलं ते शाळा जवळ म्हणून. शाळा साधीच, चारचौघांच्या मुलांची, फक्त सईसारख्यांसाठी एक वेगळ्या मिस आहेत, दीपा मिस. त्यांची अट एकच. मुलगी गेटपासून वर्गापर्यंत वॉकर धरून स्वतः येईल, पालकांनी गेटच्या आत यायचं नाही. दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर तुम्ही दुसरीकडे बघा. हे सगळं गोड इंग्रजीत, पण अर्थ तोच.

त्याच सुमारास जयनगरच्या फिजिओथेरपिस्टनं सईला तपासलं आणि मला विचारलं, "पडते तेव्हा हात पुढे टेकते का?" मी तोऱ्यात सांगितलं, आमची मुलगी कधी पडलेलीच नाही. ती बाई बघतच राहिली. म्हणाली, मग आधी पडायलाच शिकवू, नाहीतर पहिल्यांदा पडेल ती तोंडावर. झालं, जाड गादीवर सईला उभं करायचं आणि हळूच ढकलायचं. डावीकडे, उजवीकडे, पुढे. फी भरून लेकीला ढकलून घेत होते मी. सई खिदळायची, मला दरदरून घाम. मग वॉकर धरून एकेक पाऊल टाकणं. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगायचे, व्यायाम चाललाय.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. पायांत आधाराचे स्प्लिंट, त्यावर एक नंबर मोठे काळे बूट, हातात लाल वॉकर. गेटपासून वर्ग तो किती लांब, आपल्या अंगणाच्या दुप्पटही नसेल. रॅम्पपाशी वॉकरचं चाक अडकलं आणि सई पडली. हात टेकले तिनं, शिकवलं होतं तसे. हनुवटी घासलीच. मी आत धावले, तर गेटवरच्या अक्कांनी हात आडवा घातला. "स्वल्प इरी, अम्मा." थोडं थांबा. बाजूनं पोरं पळत होती. दीपा मिस तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. सईनं मान वळवून गेटकडे बघितलं, तिला मी दिसले. तिनं दोन्ही हात वर केले, मिरजेत करायची तसे, आता कुणीतरी उचलणार म्हणून. आणि आबा, मी नुसती उभी राहिले.

त्या दिवशी ती उठली नाही. मैदानावरची प्रार्थना संपली, मुलं वर्गात गेली. मिस तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. शेवटी अक्कांनीच तिला काखेत धरून आत नेलं. घरी येताना ऑटोत ती माझ्याकडे पाठ करून बसली. जेवताना म्हणाली, "तू बघत होतीस." मी हो म्हटलं. "मग आली का नाहीस?" मी मिसचं सांगितलं, आता तू मोठी झालीस वगैरे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा आले असते."

खरंच आला असतात. संध्याकाळी तुम्ही फोनवर तिची हनुवटी बघितलीत आणि आवाज चढला. "एवढ्या मोठ्या शहरात माझ्या नातीला हात द्यायला एक माणूस मिळंना? जमत नसलं तर आणून सोड हिकडं." मी फोन संदीपच्या हातात कोंबला आणि गॅलरीत जाऊन बसले. तुमचा राग आला होता आणि तुमचं म्हणणं पटतही होतं. असं दोन्हीकडून फाटणं फार वाईट. पुढे किती आठवडे गेटवर उभं राहून ते बघितलं. ती पडायची, रडायची, कधी उठायची, कधी नाही. इथले शेजारी भले आहेत, 'सो ब्रेव्ह' म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. पण मला हवं होतं कुणीतरी पाठीवर हात ठेवणारं, आणि ती माणसं सगळी मिरजेत.

दसऱ्याला आलो, तुम्हाला आठवत असेल. रिक्षा थांबली तसे तुम्ही हात पसरून पुढे झालात आणि सई म्हणाली, "माझा वॉकर द्या." तुमचे हात तसेच राहिले. अंगणातल्या फरशीवर ती आपटली. आई ओरडल्या, काकू धावल्या, तुम्ही सगळ्यांच्या पुढे. तिनं खालूनच तळहात दाखवला. "स्वल्प इरी, आबा." सीमाभागाच्या रूटवर जन्म गेलेला तुमचा, कानडी काय समजावायचं. तुम्ही थांबलात. ती गुडघ्यांवर आली, वॉकरची दांडी धरली, घसरली, परत धरली, आणि उठली. मी तुमच्याकडे बघितलं, वाटलं, आता शाब्बास म्हणाल. तुम्ही चपला घालून बाहेर निघून गेलात. पानं वाढली तरी आला नाहीत. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली, ती तुमच्यावरच.

दुपारी सई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवी झालेली. तुम्ही आलात, दारात घुटमळलात, आणि मला, तुमच्या सुनेला, हळूच विचारलंत, "झोपल्यावर उचललेलं चालतंय न्हवं?" मी मान हलवली. तुम्ही तिला खांद्यावर घेतलंत आणि ऊन कलेपर्यंत अंगणात फेऱ्या घालत राहिलात.

दिवाळीनंतर शाळेनं तिला वर्षभर ठेवून घेतलं. पुढचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मिस म्हणतात, बघू. या 'बघू'वर आमचे दिवस चाललेत. मला रात्रंदिवस तो जिना दिसतो. इथे आणून आपण तिचं भलं केलं की नुसते हाल, हे मला अजून कळत नाही.

परवा शाळेतून आल्यावर सई बिल्डिंगच्या पायरीवरच बसली. "मिरजेला कधी जायचं?" का गं, म्हटलं. "मला झोप आलीये." मग घरात झोप की, गादी घातलेली आहे. तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू आईला काही म्हणता काही कळत नाही.

आपलं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी अडखळते. सई अडखळत नाही. आणि एक सांगायचं राहूनच गेलंय. त्या दुपारी तुम्ही तिला खांद्यावर घेतलंत तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिनं एक डोळा उघडून मला बघितलं आणि परत मिटून घेतला. ती जागी होती, आबा.