टेम्पोच्या दाराची गाठ

गुणाबाईचं डावं मनगट वाकडं जुळलेलं आहे. भाकरी ती उजव्या हातानेच थापते, डाव्याने फक्त परात टेकवून धरते. हे मनगट मार्च २००३ मध्ये किन्हवलीच्या नाक्यावर मोडलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. मोडणारा तिचा नवरा होता.

तिचं गाव डोळखांबच्या वरच्या अंगाला. नवरा धाकलू एका पेंढा व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा. त्या वर्षी घाटावर चारा नव्हता, म्हणून इकडचा भाताचा पेंढा माळशेज चढून ओतूरकडे जात होता. धाकलूकडे क्लीनर टिकत नसे. महिन्याभरात तिघे पळाले, कारण त्याचा हात चालायचा. शेवटी त्याने बायकोला सोबत घेतलं. तिला पळून जायला जागा नव्हती.

पेंढ्याच्या गाडीवर क्लीनर आत बसत नाही, भाऱ्यांच्या वर बसतो. गाडीची उंची दुप्पट झालेली असते आणि गावोगावी विजेच्या तारा रस्त्यावर लोंबत असतात. वरच्या माणसाने बेचकं बांधलेल्या लांब बांबूने तार उचलून धरायची आणि गाडी खालून काढायची. थांबायचं असेल तर टपावर बांबूचा एक ठोका, निघायचं असेल तर दोन. गुणाबाई हे एका खेपेत शिकली.

तिच्याकडे आणखी एक काम होतं. ड्रायव्हरच्या दाराची कडी तुटलेली होती. चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून ते बाहेरून काथ्याने आवळून बांधलेलं असे. काच अर्ध्यावर अडकलेली, आणि पलीकडच्या बाजूला सीटवरही पेंढ्याचे भारे कोंबलेले. म्हणजे गाडी थांबली की गुणाबाईने दोर धरून खाली उतरायचं, गाठ सोडायची, मग धाकलू बाहेर. सोळा वर्षांच्या संसारात तो तिच्या हाताने कोंडला जाई आणि तिच्याच हाताने सुटे, असा हा एकच प्रकार होता.

त्या दिवशी किन्हवलीला थांबायचं ठरलेलं नव्हतं. पेंढ्यावरचा दोर सैल झाला, तसा तिने ठोका दिला. चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. ती उतरली, गाठ सोडली, दोर दाखवला. टपरीवरच्या एकाने विचारलं, "काय रे धाकलू, बायकोला डोक्यावर बसवून सासरवाडीला चाललास का?"

"आनि तिनं ठोका दिला का लगेच थांबतोस पन," दुसरा म्हणाला.

चारपाच जण हसले. धाकलूही हसला. मग त्याने सीटखालून टॉमी काढली, चाकाचे नट सोडायची ती लोखंडी सळई, आणि दोर आवळत असलेल्या तिच्या हातावर मारली. टपरीवरचं हसणं थांबलं. कुणी उठलं नाही. चहा गाळणाऱ्याने स्टोव्ह बारीक केला, एवढंच. धाकलू आत बसल्यावर गुणाबाईने दार कसंबसं बांधलं, एका हाताने वर चढली आणि दोन ठोके दिले.

सरळगाव येईपर्यंत हाताची सूज कोपरापर्यंत आली होती. बांबू पेलेना. तिने पुन्हा ठोका दिला. आठवड्याचा बाजार होता. सुकी मासळी विकणाऱ्या ताराबाईने तिला आपल्या गोणपाटावर बसवलं, टोपलीच्या दोन कांबट्या मोडल्या आणि मनगटाला फडक्याने बांधल्या. धाकलू तेवढ्यात दारूच्या गुत्त्यावर जाऊन आला.

"ऱ्हा गो इथंच," ताराबाई म्हणाली. "मी एकटीच असतंय. मासळी निवडाया मानूस लागतंच."

"मंग वायर कोन उचलल?"

"त्याची तो उचलल."

धाकलूने हे ऐकलं. भर बाजारात त्याने तिचे केस धरले, डोकं दोनदा टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं आणि सांगितलं, "आता ठोका ऐकला ना, तर उतरून जिती पुरीन. ओतूरशिवाय गाडी थांबायची नाय."

तो आत बसला. तिने दार बांधलं. एका हाताने गाठ बसेना, तेव्हा दातांनी ओढली. ती गाठ नेहमीपेक्षा घट्ट बसली.

टोकावड्याच्या अलीकडे एका वस्तीजवळ तारा फार खाली आलेल्या होत्या. गुणाबाईला त्या लांबून दिसल्या. बांबू तिच्या उजव्या हातात होता. टपावर तो एकदा आपटला असता, तर गाडी थांबली असती. तिने आपटला नाही. तिने एका हाताने तार उचलायचा प्रयत्न केला. बेचकं सटकलं, तारा एकमेकींवर आदळल्या आणि ठिणग्या पेंढ्यात पडल्या. वाळलेल्या पेंढ्याला जाळ धरायला वेळ लागत नाही. ती मागच्या दोरावरून घसरत खाली आली. तळहात सोलले. धाकलूला आरशात धूर दिसला आणि त्याने ब्रेक मारला.

वस्तीतली माणसं घागरी घेऊन धावली, पण उष्णतेने वीस हातांवरच थांबली. जळते भारे टपावरून दोन्ही बाजूंना गळत होते. धाकलू दाराला आतून लाथा मारत होता. अर्ध्या काचेतून त्याचा एक हात आणि डोकं बाहेर आलं होतं, खांदे येत नव्हते.

"गुणे, सोड," तो म्हणत होता. "गुणे, सोड गो."

ती गेली. गाठ बोटांनी सुटेना. तिने दात लावले. पदर पेटला, तसं तिने लुगडंच फेडून टाकलं आणि पुन्हा दात लावले. बघणाऱ्यांच्या अंदाजाने यात मिनिटभर गेलं असेल. दार उघडलं. धाकलू पाठीवर पेटलेल्या शर्टानिशी बाहेर पडला, त्याच्यासोबत टॉमीही रस्त्यावर पडली. लोकांनी त्याच्यावर ओली गोणपाटं टाकली, दोघांना ओढून लांब नेलं. एका बाईने गुणाबाईच्या अंगावर लुगडं टाकलं. गुणाबाईने येताना टॉमी उचलली होती. ती तापलेली होती.

धाकलू उठून बसला, उभा राहिला आणि तिच्या कानाखाली मारली.

"ठोका का नाय दिलास?"

"तूच बोललास, देऊ नको," ती म्हणाली.

त्याने पुन्हा हात उचलला. तिने टॉमी त्याच्या उजव्या गुडघ्यावर मारली. एकदाच. वाटी फुटल्याचा आवाज मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू आला. तो खाली बसला, मग आडवा झाला. तिने टॉमी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि परत सरळगावकडे चालायला लागली. बाजार उठण्याआधी ती ताराबाईपाशी पोचली.

पावसाळा संपल्यावर धाकलू कुबडी घेऊन चार जाणत्यांसह तिला न्यायला आला. बैठक ताराबाईच्या ओट्यावर झाली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पायच मोडायचा होता, तर दार कशाला सोडलंस, बाय? दोन मिंटं गप ऱ्हायली असतीस, तर कोन काय बोललं असतं?"

गुणाबाई बोंबील निवडत होती. म्हणाली, "गाठ मी बांधलेली. ती मलाच सोडाया लागनार."

"मंग आता नांदाया चल."

"सोडली ना," ती म्हणाली आणि निवडलेले बोंबील टोपलीत टाकले.

ती गेली नाही. सरळगावच्या बाजारात ती आजही सुकी मासळी विकते. धाकलू गावाला असतो, लंगडतो. घाटाकडे जाणारी पेंढ्याची गाडी बाजारातून निघाली की गुणाबाई मान वर करते, वर कोण बसलंय ते बघते, आणि पुन्हा मासळी तोलायला लागते.