चिंतूचं पथ्य

सुनंदा कुणाच्या पोराला घास भरवत नाही. कुळगावात तिच्या सासरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिची स्वतःची दोन्ही मुलं सासूच्या हातून जेवून मोठी झाली. शेजारच्या पोराने तिच्यासमोर येऊन नुसता आ केला, तरी ही हातातली वाटी खाली ठेवते आणि म्हणते, "आईला विचारून ये हो आधी." लोक म्हणतात, शिष्ट आहे. शिष्ट कसली! मी तिची सख्खी आत्या, मला विचारा. ती सव्वाचार वर्षांची असताना मी तिच्या मुस्काटात ठेवून दिली होती, तिथून हे सुरू झालं.

मी फटकळ, ते आधीच सांगून टाकते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून बावन्न साली मी धाकट्या भावाकडे, श्रीपादकडे, अंबरनाथला राहायला आले. तो तिथल्या एका कारखान्यात कारकून. पूर्वेला चाळीत दोन खोल्या, मागे मोरी आणि मागचं दार. त्याच्या बायकोला, वृंदाला, दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते आणि अडीच वर्षांची सुनंदा घरभर हिंडत होती. घरात कामाला एक बाई हवीच होती. मीही फुकटचं खाणारी नव्हते. आल्या दिवसापासून चूल माझ्या ताब्यात.

सोबत एक ट्रंक आणली होती आणि आमच्या आईची पितळी तपेली. जाड बुडाची, दोन शेर दूध मावेल एवढी. आम्ही सगळी भावंडं तिच्यातल्याच दुधावर वाढलो असं आई सांगायची. मी ती रोज चिंच आणि राख लावून आतून-बाहेरून घासायची. आतून अशी लखलखायची, की चाळीतल्या बायका बघायला यायच्या! मला त्याचा तोरा होता. का नसावा? दुसरं होतं काय माझ्याजवळ?

फाल्गुनात मुलगा झाला. नाव चिंतामणी, म्हणजे आमचा चिंतू. वृंदा मुळात अशक्त, तिसऱ्या महिन्यापासून तिचं दूध पुरेना. मग वरचं दूध सुरू केलं. बुवापाड्याची बनूबाई सकाळी गाईचं दूध घेऊन यायची. ते तपेलीत तापवायचं, तपेलीतच झाकून ठेवायचं, लागेल तसं पळीने काढून द्यायचं. पोरगं गुटगुटीत होतं हो! दहाव्या महिन्यात सुनंदाच्या परकराला धरून उभं राहायचं आणि ती त्याला "चल माझ्या राजा" म्हणत घरभर फिरवायची. तिची भातुकली त्याच्याशिवाय मांडलीच जायची नाही. खोटा खोटा भात ती त्याला भरवायची आणि हा लबाड खरोखर तोंड हलवायचा.

वर्ष उलटलं आणि त्याचं पोट वाढायला लागलं. आधी आम्हाला वाटलं, बाळसं आहे. पण हातपाय बारीक व्हायला लागले आणि पोट नगाऱ्यासारखं. चिडचिड, रडणं, माती खाणं. उजव्या बरगडीखाली हात लावला तर दगड लागावा तसं घट्ट लागायचं. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "लिव्हर." त्या काळात आमच्यासारख्यांच्या घरात हा शब्द ऐकला की बायका पदर तोंडाला लावायच्या. लिव्हर झालेलं मूल दोन वर्षांचं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आमचं एकच चाललं होतं, चिंतूची दोन वर्षं पुरी होऊ देत.

मग एका वैद्यांनी पथ्य सांगितलं. आईचं दूध बाधलंय, आजपासून तोडा. तूप नाही, तेल नाही, मीठ नाही. भात-पोळी नाही. साय काढलेलं गाईचं दूध, तेवढंच. सोबत डाळिंबाचा रस आणि पिकलेली पपई. पथ्य काटेकोर पाळलंत तर मूल वाचेल, मोडलंत तर माझ्याकडे येऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वृंदाने त्याच संध्याकाळी छाती घट्ट बांधून घेतली. चिंतू तिच्या पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला तिची दया यायची, नाही असं नाही. पण मी म्हणायची, "रडू नकोस. तुझ्या दुधानेच ही वेळ आणली." असं म्हणाले मी. तोंडावर म्हणाले.

पथ्य मी हातात घेतलं. दिवसातून पाच वेळा दूध, तपेलीतलं. पहिल्यापेक्षा दुप्पट जायचं पोटात, कारण दुसरं काही द्यायचंच नव्हतं. घरातल्या माणसांनी त्याच्यासमोर जेवायचं नाही. फोडणी द्यायची ती मागचं दार उघडून, खोलीत वास राहता कामा नये. पण सव्वाचार वर्षांच्या पोरीला आणि दीड वर्षाच्या पोराला दोन खोल्यांत वेगळं ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सुनंदाचं ताट मांडलं की हा कुठूनही रांगत यायचा. चालायचा तो, पण पोटाच्या ओझ्याने आता परत रांगायला लागला होता. दोन्ही हात पुढे करायचा. "मम. ताई, मम."

बनूबाई एकदा दूध मापता मापता म्हणाली, "बाय, पोराला वाईच पेज पाजा ना. माझी पोरं पेजेवरच वाढलीत." मी तिला अस्सं झाडलं, की पुढे आठ दिवस ती दूध उंबऱ्याबाहेर ठेवून जायची.

आणखी एक सांगायला हवं. कॅम्पातून, म्हणजे उल्हासनगरातून, एक सिंधी भांडीवाला डोक्यावर टोपली घेऊन यायचा. जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी, तेव्हा नवी निघालेली. वृंदाने एक पातेलं हातात घेतलं आणि भीत भीत म्हणाली, "वन्सं, चिंतूच्या दुधाला हे घेऊ या का? हलकं आहे, मलाही उचलता येईल." तो भांडीवाला लगेच म्हणाला, "ले लो बहेनजी, इसमें कलई का झंझट ही नहीं." मी पातेलं तिच्या हातातून काढून त्याच्या टोपलीत टाकलं. म्हटलं, "आजाऱ्याचं दूध या जर्मलात? शुद्ध पितळ घरात असताना? अगं बाई, काही सोवळंओवळं आहे की नाही?"

आणि कल्हई म्हणाल, तर कल्हईवाला आमच्या चाळीत यायचा. आमटीची, ताकाची सगळी भांडी मी त्याच्याकडून कल्हई करून घ्यायची. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, एवढी अक्कल मला होती. तपेली मात्र मी कधी दिली नाही. दूध काय आंबट असतं? दुधाला कशाला कल्हई? शिवाय कल्हई केली की आतली ती सोन्यासारखी लकाकी जाते.

दिवाळी आली. घरात आजारी मूल असलं तरी सुनंदासाठी म्हणून वृंदाने चार करंज्या तळायला लावल्या. मी त्या उंच फळीवर ठेवल्या आणि एक सुनंदाच्या हातात देऊन सांगितलं, मागच्या दारी बसून खा. थोड्या वेळाने बघते तर दोघं खाटेखाली. सुनंदा करंजी चावून मऊ करत होती आणि बोटाने चिंतूच्या तोंडात घालत होती. आणि तो मेला हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता.

मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि ठेवून दिली. पाची बोटं उठली. "मारशील त्याला! भाऊ मरेल तुझा, तुझ्यामुळे मरेल!" चाळीतली माणसं दारात जमली. वृंदा धावत आली, तिने चिंतूच्या तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते बाहेर काढलं. सुनंदा रडली नाही. तोंड तसंच अर्धं भरलेलं, ते तिने गिळलंही नाही, थुंकलंही नाही.

त्यानंतर पोरगी एकदम शहाणी झाली. चिंतूने हात पुढे केले की ताट उचलून मागच्या दारी जायची. तो रांगत मागे गेला तर आत येऊन बाहेरच्या खोलीत बसायची. बोलायची नाही, त्याच्याकडे बघायची नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "शाब्बास. असंच वागायचं."

मार्गशीर्षात त्याचे डोळे पिवळे झाले. पौषात पायांवर सूज. तरी दूध चालूच, पाच वेळा, एक पळीही कमी नाही. माघात एका सकाळी, श्रीपाद कामावर गेला होता, मी तपेली चुलीवर चढवली होती आणि वृंदाने मला हाक मारली. हाक अशी होती, की दुधाकडे मी परत वळलेच नाही. ते उतू जाऊन चूल विझली. दोन वर्षं पुरी व्हायला सतरा दिवस कमी होते.

बायका भेटायला आल्या. पथ्य एवढं कडक होतं, मग असं कसं झालं, असं प्रत्येक बाई विचारायची. मी सांगायची, "काय सांगू, सगळं केलं हो. दिवाळीला बहिणीने करंजी भरवली, ती भोवली." दहा जणींना सांगितलं असेल. सुनंदा तिथेच दाराच्या फळीला टेकून उभी असायची. मला दिसत होती ती. तरी सांगितलं, कारण कुणाकडे तरी बोट दाखवायचं होतं आणि दुसरं कुणी सुचलं नाही.

वृंदाला परत मूल झालं नाही. सुनंदाला तिने कधी बोल लावला नाही, पण मांडीवरही फारसं घेतलं नाही. ती गेली, श्रीपाद गेला. सुनंदाचं लग्न कुळगावात झालं. मी त्याच दोन खोल्यांत राहिले, तपेलीत देवाचं पाणी भरत.

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती, बाळांच्या आहारावर बोलायला. बोलता बोलता म्हणाली, तान्ह्या मुलाचं दूध बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात तापवू नका, साठवू नका. तांबं दुधात उतरतं आणि बाळाच्या लिव्हरमध्ये साठत जातं. पूर्वी घराघरांतून लिव्हरने मुलं दगावायची ती बहुतेक यानेच, आता हे कळलंय. मी उठून विचारलं, "आणि तूप? तळलेलं? करंजीबिरंजी?" ती हसली. "आजी, करंजीने कुणाचं लिव्हर जातं का?"

मी घरी आले. देवापुढची तपेली उचलली, पाणी मोरीत ओतलं. किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसले. पाच वेळा रोज. माझ्या हाताने. आणि वृंदाचं दूध, जे बाधलं म्हणून तोडलं, तेच तेवढं चांगलं होतं. तिला आता कुठे जाऊन सांगू? उरली होती एक सुनंदा.

दुसऱ्या दिवशी तपेली पिशवीत घालून मी कुळगावला गेले. सुनंदा ओटीवर तांदूळ निवडत होती. एकोणचाळीस वर्षांची बाई, केस पिकायला लागलेत. मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. तपेली तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "बाळे, तू नाहीस. हिने मारलं त्याला आणि मी मारलं. तू काही केलं नव्हतंस."

मला वाटलं होतं, ती रडेल. किंवा मला घराबाहेर काढेल, तेही चाललं असतं. तिने तपेलीत हात घालून आतून बोट फिरवलं.

"करंजीच्या आधी मी त्याला रोज द्यायचे," ती म्हणाली. "माझ्या ताटातला मऊ भात. तुला एकदाच सापडले."

"त्याने काही झालं नाही ग. डॉक्टरीणच म्हणाली."

"मग तू मारलंस आणि मी बंद केलं. तो हात पुढे करायचा आणि मी ताट घेऊन मागच्या दारी जायचे. उंबऱ्यापर्यंत यायचा माझ्यामागे. तिथे दमून बसायचा." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तीन महिने, आत्या. म्हणजे तेव्हा दिलं असतं, तरी चाललं असतं."

खोटं बोलायला हवं होतं का मी? जन्मभर तेच तर केलं होतं.

"हो," मी म्हटलं. "चाललं असतं."