शहाजिऱ्याची पुरचुंडी

पोर लुईच्या धक्क्यावर सरकारी शिपायाने माझी पेटी उघडली आणि हिंगाचा भपकारा आला. शिपाई दोन पावले मागे सरला. निघताना मी यादी करून मसाल्याचे सगळे जिन्नस एकाच कप्प्यात भरले होते. हिंगाला लागूनच शहाजिऱ्याची पुरचुंडी होती, आणि समुद्रावर महिनाभर दोन्ही शेजारी राहिली होती.

त्या शहाजिऱ्यासाठीच मी आलो होतो. माझा धाकटा भाऊ गणू फ्लाक परगण्यातल्या एका ताब्लिसमाँवर (उसाचा मळा व साखर कारखाना) आचारी होता. कराराची पाच वर्षे संपली होती, पण सुटकेचा कागद इंग्रज मालकीणबाईंच्या हाती. ‘माझ्या आईसारखे श्रूझबरी बिस्कीट एकदा करून दाखव, मग जा,’ असे त्या म्हणत. त्या बेटावर चांगले शहाजिरे मिळेना, म्हणून गणूने मला लिहिले होते.

दिवसभर बैलगाडीने उसातून गेलो. गाडीवान साताऱ्याकडचा. कांप दे मास्क गावाच्या अलीकडे तो म्हणाला, “कागद नसंल तर एकटं हिंडू नका दादा. पोलीस धरत्यात.” मग पुढची वाट मी खिशातल्या परवान्यावर हात ठेवूनच काढली.

गणूने पुरचुंडी हुंगली. “दादा, शहाजिरे मागितले होते. तू वहिनीची आमटी आणलीस.” तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला. “बाईंचं नाक फार तिखट आहे रे.”

मी दाणे कोंड्यात चोळले, पाखडले, उन्हात पसरले, पुन्हा चोळले. वास कमी झाला, गेला नाही. गणूने लोणी-साखर फेसली, अंडे, मैदा घातला, गुलाबपाणी दुप्पट ओतले आणि पातळ चकत्या विटांच्या भट्टीत सरकवल्या. कडा तांबूस होऊ लागल्या. आधी गुलाब आला, मग शहाजिरे, मग मला वाटले, हिंग.

“येतोय का रे?”

“मला आता काहीच कळत नाही, दादा.”

ओसरीवर बाईंनी बिस्कीट हातात घेतले. त्या सांगू लागल्या, त्यांच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या ते करतात, घरोघरी कृती निराळी. त्यांची आई कडेला अंगठ्याने खुणा करी. गणू मला हळूच मराठीत सांगत होता. बाईंनी तुकडा मोडला आणि थांबल्या.

“की लोदेर सा?” (हा वास कसला?)

“आमच्या देशाच्या दाण्यांचा,” गणू म्हणाला. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

त्यांनी सावकाश चावले. दुसरे उचलले. “आई फार कंजूष होती,” त्या म्हणाल्या. “तिचे दाणेही कपाटात राहून असेच कुबट होत.” आणि गणूच्या कागदावर सही करायला त्यांनी दौत मागवली.

जहाज सुटेपर्यंत मागून कुणी आम्हा दोघांना हाक मारील असे वाटत राहिले. कुणी मारली नाही.

घरी बाईंनी दिलेला बिस्किटांचा डबा बायकोने उघडला. “अगं बाई, यात हिंग कुणी घातला?”

तेव्हापासून हिंगाची डबी मी वेगळी बांधतो. पण बायको बोलली त्या क्षणी गणूचा हात बंडीतल्या सुटकेच्या कागदावर गेला, आणि मी उठून दाराबाहेर कुणी आले नाही ना, ते पाहून आलो.