तेरा नळ्या, बारा नावं

आमच्या कृषी महाविद्यालयात मला सुरक्षा अधिकारी केलं, त्याचं एकमेव कारण म्हणजे त्या मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. बाकीचे वेळेवर आले होते, म्हणून वाचले. मी मातीच्या रसायनशास्त्राचा मास्तर, मूळचा अकोल्याकडचा. लखनऊत येऊन इतकी वर्षं झाली की मी मराठीत रागावलो तरी माझी मुलगी हिंदीत हसते. कॉलेजातही गडबडीत माझ्या तोंडून मराठीच निघते, आणि आता ती सगळ्यांना कळते. मी दार उघडलं, प्राचार्य म्हणाले, "आइए, आप ही का इंतज़ार था," आणि टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कशासाठी, ते संध्याकाळी पत्र हातात पडल्यावर कळलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, गॅस बंद केला की नाही ते बघायला तुम्ही अर्ध्या अलीगंजातून स्कूटर परत फिरवता. तुमच्या हातात विषाची चावी दिली कोणी?"

चावी दिली बडे बाबूंनी. बडे बाबू म्हणजे कीटकनाशकांच्या भांडाराचे कारकून. भांडार असं की बाटल्यांची लेबलं उंदरांनी खाल्लेली आणि ते उंदीर तिथेच, ओळीने, पंचनाम्याची वाट बघत पडलेले. एक डबा तर इतका जुना होता की मी झाकण उघडलं तर कॉलनीतले कावळे दोन दिवस उलटे उडत होते. बडे बाबूंनी मात्र आयुष्यात एका बाटलीला बोट लावलेलं नव्हतं. त्यांचं टेबल बाहेर व्हरांड्यात, तेही वाऱ्याची दिशा बघून मांडलेलं. बाटली हवी असली की ते लांबूनच पेनाने दाखवत.

प्रत्यक्ष फवारणी करायचे ते चाचा. वय साठीकडे झुकलेलं, अंग वाळलेल्या फांदीसारखं. कॉलेजच्या बागेत दशहरी आंब्याची झाडं आहेत. मोहर फुटला की त्यावर तुडतुडे येतात. इथे मोहराला बौर आणि तुडतुड्यांना भुनगा म्हणतात. चाचांनी पंपाची गन नुसती खांद्यावर टाकली की भुनगे रांगेने उतरून शेजारच्या बागेत जात, हे मी शपथेवर सांगतो. कॉलेजात मास्क होते. चाचा मास्क गळ्यात घालत.

"नाक बंद कर लूँ तो पता कैसे चले कि दवा गाढ़ी है या पतली?"

त्यांचा आणि सगळ्या मजुरांचा भरवसा होता गुळावर. फवारणी झाली की गुळाचा खडा खायचा, विष आपोआप खाली उतरतं. मी एक तास घसा फोडून समजावलं की हे विष कातडीतून शिरतं, श्वासातून शिरतं, गूळ तिथे काही करत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, "जी साहब. और गुड़ कब मिलेगा?" शेवटी सुरक्षा सामानाच्या यादीत हातमोजे, चष्मे, गमबूट आणि गूळ अशी नोंद झाली. यादीवर सही माझी. गुळाची भेली बडे बाबूंच्या कपाटात कुलपात राहिली.

यंदा मोहराच्या आधी मला चाचांचा हात दिसला. चहाचा कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा बाहीवर. मी विचारलं तर म्हणाले, "ठंड है." थंडी जाऊन तेव्हा आठवडा झाला होता.

या औषधांचा मार रक्तातल्या एका एन्झाइमवर असतो. ते खाली घसरलं की समजायचं, विष अंगात साचतंय. मग त्या माणसाला फवारणीजवळ फिरकू द्यायचं नाही. मी ठरवलं, हंगामाआधी सगळ्यांचं रक्त तपासायचं. चाचांनी आंब्याच्या झाडांकडे बघितलं. मग म्हणाले, "बौर के दिनों में हमें घर बिठाइएगा? पेड़ों को क्या मुँह दिखाएँगे?"

मी म्हटलं, आधी रिपोर्ट तर येऊ द्या.

बडे बाबूंनी बारा नावांची यादी केली. वयाचा मान म्हणून पहिले चाचा, हुद्द्याचा मान म्हणून दुसरे स्वतः, मग बाकीचे. लॅबचा माणूस सुया घेऊन आला आणि एरवी बैल आडवा पाडतील असे गडी भिंतीला चिकटले. मला स्फुरण चढलं. मी शर्टाची बाही वर केली, खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "देखो, ऐसे!" रक्त देताना मी हसतसुद्धा होतो. नंतर पाणी मागितलं, ते सोडा. माझ्यामागोमाग यादीप्रमाणे सगळे बसले. बसतील त्या क्रमाने लॅबवाल्याने नळ्यांवर आकडे टाकले.

तीन दिवसांनी आकड्यांसमोर आकडे असा रिपोर्ट आला. बडे बाबूंनी यादी शेजारी ठेवून एकेक नाव भरलं. तेरावा आकडा उरला. माझं नाव यादीत नव्हतंच, तेव्हा तो माझा, असं मीच जाहीर केलं.

एक सोडून सगळे ठीकठाक होते. सर्वांत उत्तम रक्त चाचांचं. आणि सर्वांत वाईट, थेट धोक्याच्या रेषेखाली घसरलेलं, बडे बाबूंचं.

मी रिपोर्ट चार वेळा वाचला. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचला. मग चाचांना बोलावून पाठीवर थाप मारली. "चाचा, तुमचं रक्त वीस वर्षांच्या पहिलवानाचं आहे. हात थंडीनेच हलतो." चाचांनी रिपोर्टची प्रत मागून घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवली आणि बाकीच्या फवारणीवाल्यांना म्हणाले, "तुम लोग रहने दो, हमारा ख़ून अव्वल आया है." त्या दिवसापासून वरच्या फांद्यांची सगळी फवारणी ते एकटे करू लागले. मीच हो म्हटलं.

इकडे बडे बाबूंनी रिपोर्ट वाचला आणि तासाभरात त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्यांना एका फाइलीच्या दोन दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी जिभेला मुंग्या. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, आराम सांगितला. माझी झोप उडाली. टेबलापासून विष पंधरा पावलांवर, मध्ये जाड भिंत, वारा उलटा; मग शिरलं कुठून? मी व्हरांड्यातली धूळ बाटलीत भरली. त्यांच्या खुर्चीची गादी हुंगली. घरी मी नकाशे काढत बसलो तेव्हा मुलगी खांद्यावरून वाकून म्हणाली, "पापा, ये मर्डर मिस्ट्री है क्या?"

आठव्या दिवशी मी कपाट उघडलं. गुळाची भेली नव्हती. नुसता कागद होता, चाटलेला.

सापडलं! गूळ भांडाराच्या आवारात, गुळात औषधाची वाफ, गूळ बाबूंच्या पोटात. मी त्यांना घरून बोलावून घेतलं.

"बाबूजी, गुड़ आपने खाया?"

"ज़रा-सा, सर."

"पाँच किलो?"

"डायबिटीज़ में घर पर मिलता नहीं," बडे बाबू रडवेले झाले. "सर, हम मर जाएँगे क्या?"

मी म्हटलं, पुन्हा रक्त देऊन बघू. त्यावर ते खुर्ची मागे सरकवून उठलेच.

"फिर से? नहीं सर! पिछली बार आप कूदकर पहले बैठ गए, फिर चाचा, और तीसरे नंबर तक आते-आते उस लड़के की सुई भोथरी हो गई थी. हफ़्ता भर नील रहा हाथ पर."

"तिसरे?" मी म्हटलं. "तुम्ही तर यादीत दुसरे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी यादीकडे. पहिली नळी माझी. दुसरी चाचांची. आम्ही सगळी नावं एक घर वर सरकवली होती. चाचांच्या खिशात होतं ते अव्वल रक्त माझं. धोक्याच्या रेषेखालचं रक्त चाचांचं, आणि गेले आठ दिवस ते मोहरावर फवारत होते.

मी स्कूटर कशी चालवली ते सांगायला मला आवडलं असतं. एरवी मी तिला बागेच्या कुंपणावरून उडवली असती. पण ती सुरूच होईना, आणि मी पळत गेलो.

चाचा झाडाखाली गन धरून उभे होते, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मी पंप बंद करायला ओरडलो. सावलीतसुद्धा त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"चाचा, चला. रिपोर्ट चुकला. ते रक्त माझं होतं."

त्यांनी खिशातून प्लास्टिक काढलं. "इस पर तो नाम हमारा है."

"नाव तुमचं. रक्त माझं."

"और हमारा कहाँ गया?"

"बडे बाबूंच्या नावावर."

ते हसले. हसता हसता कागद परत खिशात घालायला लागले आणि बोटांना खिसा सापडेना. चार वेळा त्यांनी प्रयत्न केला. शेवटी मीच तो घातला.

हॉस्पिटलात आधी त्यांचे कपडे काढून पिशवीत बांधले, साबणाने अंघोळ घातली, मग सुई. डॉक्टरांनी विचारलं, "आख़िरी छिड़काव कब किया था?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "हफ़्ता भर से नहीं छुआ, डॉक्टर साहब. साहब ने रोक रखा था. आज बस ज़रा पंप देख रहे थे."

डॉक्टर लिहू लागले. मला वाचवायला चाचा खोटं बोलत होते, आणि त्या खोट्यावर त्यांचं औषध ठरणार होतं.

"झूठ है," मी म्हणालो. "आठ दिन रोज़ किया है, सुबह से शाम तक. मैंने ही कहा था."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. चाचा उशीवरून वैतागून म्हणाले, "आप भी ना! दिन भर इतनी हाँकते हैं, एक छोटा-सा झूठ नहीं निभा पाए."

बडे बाबू त्याच संध्याकाळी बरे झाले. सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं; या वेळी नळीवर नाव, आणि मी खोलीबाहेर. चाचा पाच दिवसांनी घरी आले. आता फवारणी बंद, रोपवाटिकेत बसून कलमं बांधतात. हात अजून हलतो. हे आधीचंच, की त्या आठ दिवसांचं, की वयाचं? तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही मला पटली.

मी रोपवाटिकेवरून गेलो की ते चहाचा कप माझ्यासमोर धरतात.

"देखिए साहब, आज कम है न?"

मी वाकून बघतो. चहा हलत असतो. कालच्यापेक्षा कमी की जास्त, मला खरंच कळत नाही.