टिकलीचा वास

नातवाने दिवाळीच्या पिस्तुलातली टिकली फोडली. तो जळका वास नाकात शिरला आणि मी थेट दहा-बारा वर्षं मागे, ओमानातल्या इब्र्याच्या माळावर जाऊन उभा राहिलो.

तिथे मी अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, गाड्या दुरुस्त करायचो आणि फावल्या वेळात कोकणातले वाघ मारायचो, अर्थात तोंडाने. एका गोळीत तीन वाघ, चौथा नुसत्या आवाजाने गार! अर्बाब पोट धरधरून हसायचा.

त्याच्या लाडक्या सांडणीचा पाय मोडला आणि तो जुळणार नाही हे ठरलं, तेव्हा त्याने आपलं बुटकं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात ठेवलं.

"शिकारी, माझ्याच्याने नाही होणार. तू कर," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

मुठीत मावेल एवढी वस्तू, पण नळीत माझ्या करंगळीचं टोक जावं असं तोंड. मी चाप ओढला. कान वाजत राहिले, बाकी काहीच वाटलं नाही.

गोळी पिस्तुलाची होती. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिकामी पुंगळी रिव्हॉल्व्हरमधून निघेना. मी खिशातल्या पेनाने ती ढकलून काढली. तळहाताला ऊन लागली, एवढंच कळलं.

"तिला काही कळलं का रे?" अर्बाबाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही अर्बाब. डोळे मिटूनच होती."

"तू थापाड्या आहेस. हे तरी खरं ना?"

"वल्ला, देवाशपथ खरं."

"खलास," म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

तिने मान वळवून त्याच्या पाठीकडे पाहिलं होतं.