हवा सगळ्यांना होती, त्याला नव्हती

इथले भुताखेतांचे अनुभव माझी सून मला मोबाईलवर वाचून दाखवते, आणि मी दरवेळी तिला म्हणतो — बंद कर वं, रिकामटेकड्या लोकांचे धंदे आहेत हे. मी आचारी माणूस. आख्ख्या नागपुरात किती तेरव्या रांधल्या त्याचा हिशेब नाही. गेलेल्याच्या नावानं पान वाढून ठेवतात, कावळा शिवत नाही, घरचे रडकुंडीला येतात... आणि मी मागून ओरडायचो, आटपा, वरण थंड होऊन राहिलं. मेलेलं माणूस कधी ताट मागायला आलेलं मी पाहिलं नाही. असा मी. तरी हे लिहितो आहे. शिक्षण चौथी. मी बोलतो, मोबाईल लिहितो, सून चुका काढते. गोड लिहिता येत नाही, आणि ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्याच्याबद्दल गोड लिहायचंही नाही.

जागा सांगतो. नागपूरहून रामटेककडे निघालं की रामटेकच्या अलीकडे एक रस्ता धानाच्या बांध्यांमधून आत जातो. तिथे मोठा तलाव आहे. नाव लिहीत नाही, गावच्या ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं, पोट त्या पाण्यावर आहे. तलावाच्या मधात एक बेट. काठावरून बेटावरचा माणूस दिसतो, पण चेहरा ओळखू येत नाही, एवढं अंतर.

या तलावावर एक जण शिडाच्या बोटी चालवायला शिकवतो. त्याला हर्षल सर म्हणू, खरं नाव वेगळं आहे. चाळिशीचा, काळा चष्मा, दात पांढरे. शनिवार-रविवार ऑफिसातल्या लोकांना घेऊन जायचं, दोन दिवसांत त्यांना ‘स्किपर’ करायचं. स्किपर म्हणजे बोटीचा कप्तान. आदल्या दिवशीपर्यंत ज्यानं फक्त टबातलं पाणी पाहिलेलं, तो दुसऱ्या दिवशी सुकाणू धरून फोटो काढतो. त्या लोकांचं जेवण मी आणि माझी बायको कौसल्या करायचो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. लोक बोटीपेक्षा रोडग्यांची जास्त तारीफ करायचे.

मागच्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं की दुपारचं जेवण बेटावर करायचं. फोटो चांगले येतात. जेवण तिकडे न्यायचं कसं? मोटारबोट होती, पण ती ड्रोनवाल्याला देऊन ठेवलेली. म्हणून एका शिडाच्या बोटीत भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला, सुकाणूवर आदल्या दिवशी शिकलेला एक पोट्टा बसवला, आणि गंज धरायला कौसल्याला बसवलं. मी चुलीपाशी होतो. माझ्या कानांनी ऐकलं. कौसल्या म्हणाली, “सर, तो पट्ट्याचा कोट मले नाही का?” आणि सर म्हणाला, “अहो मावशी, दहा मिनिटांचं काम आहे.” लाइफ जॅकेट शिकणाऱ्यांपुरतीच आणली होती. आचाऱ्याला जॅकेट लागते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

बोट मधात जाऊन कलली. पोट्ट्याकडे... म्हणजे त्या शिकणाऱ्याकडे जॅकेट होतं, तो वर तरंगला. कौसल्या लुगड्यासकट खाली गेली. मोटारबोट बेटाच्या पलीकडे फोटो काढून राहिली होती.

आता ऐका. पोलीस आले तेव्हा सर काय म्हणाला? “बाईंना जॅकेट दिलं होतं. त्यांनी घातलं नाही. गरम होते म्हणाल्या.” तो शिकणारा खाली मान घालून उभा. मी ओरडत होतो की खोटं आहे, तर सगळे म्हणाले, बुढ्याला धक्का बसला, पाणी पाजा.

बायको गेली ते एक दुःख. पण ती तिच्या आडमुठेपणानं मेली, हे गावभर झालं ते दुसरं. तिच्या मयतीत बायका बोलत होत्या, दिलेलं घातलं असतं तर वाचली असती. माझा सख्खा पोरगा विलास, सीताबर्डीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे, तोसुद्धा तेच मानून बसला. मी सांगितलं तर म्हणे, “बाबा, आई ऐकत होती का कोणाचं? माह्या गाडीवर हेल्मेट कधी घातलं तिनं?” हेल्मेट नव्हती घालत, खरं आहे. त्या एका खऱ्यावर सरचं खोटं उभं होतं. विलासनं तिच्या फोटोला हार घातला पण वर्षभर तिचं नाव काढलं की चिडायचा. आईवर चिडायचा. हे मला सहन होत नव्हतं.

यंदा होळीच्या आधी सरचा फोन आला. “काका, नवीन बॅच आहे. दुसऱ्या आचाऱ्याचे रोडगे आतून कच्चे राहतात हो. जे झालं ते झालं. मावशींची पण हीच इच्छा असती.”

मावशींची इच्छा. मी म्हटलं, येतो.

मला त्याला भाजायचं होतं. स्पष्ट लिहितो. रविवारच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारायचं, जॅकेट होतं का नव्हतं. खोटं बोलला की उकळत्या वरणाचा गंज त्याच्या मांडीवर उपडा करायचा. मग पोलीस नेवोत नाहीतर आणखी कोणी. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

बर्डीला कपड्याच्या दुकानावर त्याची खोली आहे, तिथे मीटिंग झाली. शिकायला येणारी दहा-बारा माणसं, थंड पेयाच्या बाटल्या. त्यानं सगळं समजावलं. कोण कोणत्या बोटीत, तंबू कुठे, रविवारी बेटापर्यंत जाऊन परत यायचं, पुढे सर एकटा त्याच्या बोटीत.

“आणि वल्ही सगळी काठावर राहतील,” तो म्हणाला. “नव्या स्किपरच्या हातात वल्हं असलं की तो हवा शिकतच नाही.”

मी मागच्या खुर्चीवरून विचारलं, “अन् मोटारबोट?”

“ती ड्रोनसाठी, काका.”

“कोणी पडलं तं?”

“काका, तुम्ही वांगी सांभाळा, बोटी मी सांभाळतो.” सगळे हसले. एक बँकेतल्या मॅडम होत्या, त्या मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. जाताना जिन्यात म्हणाल्या, “काका, तुम्ही चिडून का बोललात?” मी म्हटलं, रविवारी कळन.

मदतीला विलासला नेलं. रविवारी दुपारी वरण उकळत होतं, रोडगे गोवऱ्यांत होते. हवा मस्त. काठावरून तलावाकडे वाहत होती, चुलीचा धूर सरळ पाण्यावर जात होता. सगळ्यांची शिडं फुगली आणि बोटी निघाल्या. सर सर्वांत पुढे, एका हातानं सुकाणू, दुसऱ्यानं मोबाईल. मोटारबोट ड्रोनवाल्याला घेऊन बेटामागे गेली. मागच्या वर्षीसारखीच. मेलेल्या बाईपासून एवढंही शिकला नाही तो.

बरोबर मधात गेला आणि त्याचं शीड पडलं.

पडलं म्हणजे फाटलं नाही. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं हवा थांबल्यावर लटकते तसं लटकलं. जागा मी ओळखली. वर्षभर डोळे मिटले की तीच जागा दिसायची. मागच्या बोटी त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, शिडं फुगलेली, पाणी कापत. एक तर एवढी जवळून गेली की हात लांबवला असता तर लागला असता. तिला हवा, याला नाही. पुढे गेलेल्यांनी मान वळवून पाहिलं, सर येत नाही म्हणून वळायला लागले. नवी माणसं, हवेच्या उलट येणं जमेना, तिथेच आजूबाजूला घुटमळत राहिली.

विलास म्हणाला, “बाबा, त्याले काय झालं?”

“पाहून येतो,” म्हटलं. ढिवराचा डोंगा, लहान लाकडी होडी, काठावर ओढलेला होता. माझं बालपण वैनगंगेच्या काठावर गेलं, डोंगा चालवता येते. वरणाचा गंज मी चुलीवरच ठेवला. मनात आलं, त्याचं काम आता पडणार नाही.

गळ्यातला दुपट्टा वाटभर हवेनं तोंडावर येत होता. सरच्या बोटीजवळ पोचलो तसा तो छातीवर पडून राहिला. पाणी असं की परातीत तेल ओतलं आहे. दहा हातांवर लाटा, आणि इथे काही नाही. आवाजसुद्धा नाही.

“बरं झालं आलात काका,” तो म्हणाला. घामाघूम झाला होता. “कुठेतरी हवा अडते आहे. दोर बांधा आणि ओढा.”

“कोटाचं सांग आधी.”

“कसला कोट?”

“माह्या बायकोचा. कुठी होता तो?”

“काका, ही काय वेळ आहे?”

“मले वेळच वेळ आहे. घरी कोणी वाट नाही पाहून राहिलं.”

वल्हं मांडीवर आडवं ठेवून मी बसलो. तो आधी चिडला, पोलिसात देईन म्हणाला. मग हसून पाहिलं. मग मोटारबोटीला हाका मारल्या. मी म्हटलं, “पोहता येते ना तुले? मार उडी. काठ तं दिसून राहिला.”

त्यानं वाकून पाण्यात पाहिलं. उडी मारायलाच वाकला होता. आणि असा मागे सरला की बोट हलली. शिडाच्या डांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. खाली काय दिसलं ते त्यानं आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मी पाहिलं, मला पाणीच दिसलं.

“नव्हतं,” तो म्हणाला.

“काय नव्हतं?”

“जॅकेट. मावशींसाठी नव्हतंच. त्यांनी मागितलं होतं. मी म्हटलं दहा मिनिटांचं...”

“मोठ्यानं म्हण. त्या लोकायले ऐकू गेलं पायजे.”

तो ओरडून म्हणाला. बोटींमधले सगळे ऐकत होते. बँकेतल्या मॅडम सर्वांत जवळ होत्या, त्यांचं शीड फडफडत होतं. त्या म्हणाल्या, “सर, मग पोलिसांना तुम्ही काय सांगितलं होतं?” त्यानं तेही सांगितलं, तोंडावर हात ठेवून.

मला वाटलं, आता हवा येईल. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. पण नाही आली. शीड तसंच. मग मी दोर बांधला, जीव खाऊन वल्हवलं. डोंगा कुरकुरला, दोर ताणला, बोट जागची हलली नाही. जमिनीत खुंटा ठोकला तशी. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझं झालं होतं, पण तिचं झालं नव्हतं.

मी दोर सोडला. म्हटलं, “ये डोंग्यात.” तो रांगत आला. “अन् जॅकेट काढ.”

“काका...”

“काढ ना बे. दहा मिनिटांचं काम आहे.”

त्यानं काढलं. मी ते त्याच्या बोटीत फेकून दिलं. त्याचा दुसरा पाय इकडे आला आणि माझ्या कानाजवळ फाडकन आवाज झाला. त्याचं शीड भरलं होतं. रिकामी बोट जागेवर वळली आणि काठाकडे निघाली. सरळ. चुलीचा धूर आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे हवा समोरून, आणि बोट त्याच हवेत नाक खुपसून चाललेली. सुकाणूवर कोणी नाही. मॅडम आपल्या बोटीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “असं जाता येत नाही. हवेच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जाऊच शकत नाही. कालच शिकवलं सरांनी.” सरनं गुडघ्यांत डोकं घातलं होतं. परतताना वाटभर तो डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून होता, आणि मी मुद्दाम हळू वल्हवलं.

काठावर विलास होता. कोणी काय कबूल केलं ते त्याला माहीत नव्हतं. एवढ्या लांब, उलट्या हवेत, ऐकू जाणं शक्य नव्हतं. बोट येताना पाहून तो पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि तिचं टोक धरलं. मग मी डोंग्यातून पाहिलं — त्यानं एक हात वर केला. म्हातारं माणूस एसटीतून उतरताना आपण देतो तसा. थोडा वेळ तसाच धरला. मग हळूच खाली केला, आणि बाजूला सरकून वाट दिली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. संध्याकाळी सगळे स्किपर ठाण्यात आले, सरनं जबाब बदलला. पुढचं कोर्टात आहे. मयतीत बोललेल्या बायकांच्या घरी विलास स्वतः जाऊन आला. सरनं दोनदा माणूस पाठवला, माफी मागायला. मी दारातून परत लावला, तिसऱ्यांदा आला तरी लावीन. हवा बेटाला अडते असं काही जाणत्यांनी सांगितलं. अडत असेल. मग बाकीच्यांना कशी होती, आणि रिकामी बोट कशी चालली, हे विचारलं की ते चहा पितात.

त्या दिवशी रोडगे काढताना मी विलासला विचारलं, “बोटीपाशी हात काहून वर केला होता गा?”

राख झटकत म्हणाला, “उतरायले आधार लागते ना, बाबा.”

“कोणाले?”

त्यानं हातातला रोडगा परातीत ठेवला आणि बोटीकडे पाहिलं. पँट अजून ओली होती. त्यालाच माहीत नव्हतं. मलाही अजून माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही कारण सुचत असेल तर लिहा, सून वाचून दाखवेल. फक्त हवेचं कारण देऊ नका.