खोलूमामांची मान

खोलूमामांना बंद वस्तू बघवत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहत. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले पंखे खोलले, मिक्सर खोलला, जावयाने दिलेला नवाकोरा रेडिओही खोलला. त्यांचं खरं नाव मामींनाच आठवत असावं.

"कशासाठी?" असं ते कधी विचारत नसत. म्हणून मी त्यांच्याकडे गेले. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबांना त्याचा इतका अभिमान, की माझा कॉम्प्युटर त्यांनी मुद्दाम दाराकडे तोंड करून मांडला होता. गॅलरीतून जाणारा प्रत्येकजण थांबून स्क्रीन वाचायचा. मला गणित जमत नव्हतं, आणि निकाल माझ्याआधी चाळ वाचणार या भीतीने झोप उडाली होती.

"मामा, फक्त मलाच दिसेल असा मॉनिटर करता येतो म्हणे. व्हिडिओत बघितलं," मी चाचरत म्हणाले.

"स्क्रू किती?" मामांनी एवढंच विचारलं.

त्यांनी भंगारातून एक जुना मॉनिटर आणला. काढलेला प्रत्येक स्क्रू ते मामींच्या ताटात त्याच्या त्याच्या जागी मांडत. तीन दिवस मामी कुकरच्या झाकणात जेवल्या. काचेवरची पातळ फिल्म सोलताना मामा मॉनिटरला म्हणाले, "जरा दुखेल हां."

फिल्म निघाली आणि स्क्रीन कोरी पांढरी झाली. त्याच फिल्मचे तुकडे चष्म्यात बसवले, की त्यातून मात्र सगळं दिसायचं. पहिले तुकडे आडवे कापले गेले; त्यांतून काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसे. "हे गेले फुकट," म्हणत मामांनी दुसरे कापले. चष्मा माझ्या हातात देऊन म्हणाले, "मान ताठ ठेवून अभ्यास कर गो बाय."

गॅलरीतले लोक तरीही थांबत. आता ते कोऱ्या स्क्रीनकडे बघणाऱ्या मला बघत. "पोरगी बरी आहे ना?" एकीने बाबांना विचारलं. "वरच्या शिक्षणात असंच असतं," बाबा म्हणाले.

त्याच सुमारास मामांची मान धरली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, मान उजव्या खांद्यावर टाकून ते रोज संध्याकाळी आमच्या दाराबाहेर स्टुलावर बसत. चाळीने त्यांना सात तऱ्हेची तेलं सुचवली.

निकाल लागला. गणितात नापास. बाबा पाठीमागेच उभे होते.

"काय झालं?"

"पास."

बाबा पेढ्यांसाठी चपला शोधू लागले. बाहेरून मामांचा आवाज आला, "पेढे मागाहून आण रे. आधी माझ्या मानेला तेल आण." बाबा तेल घेऊन आले. पेढे राहून गेले.

सहा महिन्यांनी त्या विषयाचा पुन्हा निकाल आला. सुटले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तेवढ्यात मामा म्हणाले, "आता आण रे पेढे."

पेढा हातात घेऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते पांढऱ्या स्क्रीनकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे दोनदा पास झालीस." मामांना कसं कळलं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्यानंतर मामींनी त्यांचा काळा चष्मा मला आणून दिला. "तुलाच द्यायला सांगितला होता," म्हणाल्या.

मी तो लावून मॉनिटरसमोर बसले. काळ्यावर पांढरी, अंधुक अक्षरं दिसली, सगळं उलटं, त्या फुकट गेलेल्या तुकड्यांतून दिसायचं तसंच. हळूहळू मान उजव्या खांद्यावर टाकली. पांढऱ्यावर काळी अक्षरं स्वच्छ उमटली.

दोन मिनिटांत माझी मान दुखायला लागली.